अंड्यांची फेरी

कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकायला लागल्या की समजायचं, ऊन आता कुणाला सोडत नाही. शेडच्या दोन्ही अंगांना गोणपाटं टांगलेली होती. सकाळी भिजवली की ऊन वर चढेतो पुठ्ठ्यासारखी कडक. मग पुन्हा भिजवा. पाणी घाला, खाद्य घाला, एखादी मान टाकून पडली असेल तर पायाला धरून बाहेर काढा, आणि एवढं करून अंडी गोळा करा. अंडी काही थांबत नाहीत. आणि या उन्हात ती घरात राहिली तर नासतात. रोजची रोज शहरातल्या बेकरीत पोचलीच पाहिजेत.

आधी टेम्पो दारात यायचा. पण मोठा रस्ता रुंद करायचा म्हणून कुणीतरी येऊन खणून ठेवला, आणि खणणारे जे पसार झाले ते झालेच. टेम्पोवाल्यानं एकदा त्या खड्ड्यात चाक घातलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि पुन्हा या बाजूला तोंड दाखवलं नाही. तेव्हापासून अंडी मोटारसायकलवरून जायची, कालव्याच्या कडेच्या वाटेनं. पुढे नवरा, मध्ये पुठ्ठ्याच्या ट्रेंची हनुवटीला लागेल एवढी थप्पी, आणि मागे ती थप्पी दोन्ही हातांनी कवटाळून बसलेली धाकटी.

घरात दोन सुना. थोरलीचा नवरा ट्रकवर, महिन्या-दोन महिन्यांनी उगवायचा. धाकटीचा नवरा घरीच, शेड आणि गाडी त्याच्याकडे. अंडी धरायचं काम पहिल्यापासून धाकटीचं, कारण तिचे हात तसे होते. गाडी डावीकडे कलली की तिची थप्पी आपोआप उजवीकडे जायची. एवढ्या फेऱ्यांत तिच्या हातून एक अंडं तडकलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती चारचौघांत सांगायची नाही, पण मनातून विसरायचीही नाही.

आता तिला सातवा महिना होता.

"जरा मागे सर," गाडीवर बसलेला नवरा मान न वळवता म्हणाला.

"मागे कुठं सरू? मागे कॅरिअर आहे. त्याच्या मागे रस्ता."

"मग पोट आत घे."

"तो काय श्वास आहे, आत घ्यायला?"

बादली घेऊन उभी असलेली थोरली फिसकन हसली. सासू हसली नाही. तिनं जवळ येऊन मुलाची पाठ, ट्रेची थप्पी आणि धाकटीचं पोट असं एकामागून एक नीट बघितलं. ट्रेच्या कडा पोटात रुतत होत्या. ब्रेक लागला की आणखी रुतायच्या. अंघोळीच्या वेळी धाकटीला बेंबीच्या वर आडवे लाल वळ दिसायचे, ती त्यांवरून हात फिरवायची आणि आतून लाथ बसली की जिवात जीव यायचा.

"दाबून दाबून ट्रे पार वाकलेत," सासू म्हणाली. "आडवी बस. दोन्ही पाय एका अंगाला. म्हणजे पोट बाजूला राहील आणि अंडी सरळ राहतील."

"आडवी बसून मी काय धरू, आई?"

"ट्रे धर."

"आणि दुसऱ्या हातानं?"

"दुसऱ्या हातानंही ट्रेच धर. दोन हात कशाला आहेत?"

धाकटी उतरली, पदर खोचला आणि आडवी बसली. कॅरिअरची सळी मांडीखाली आली. पाय टेकायला एका पायापुरता फूटरेस्ट, दुसरा पाय हवेत. नवऱ्यानं मागे हात घालून थप्पी सरळ आहे का ते चाचपून बघितलं. तिला चाचपायचं काही कारण नव्हतं.

खोटं कशाला बोला, गाडी चालवावी तर त्यानं. अंडी तो तळहातावरच्या फोडासारखी जपायचा. दगड दिसला की वळसा, खड्डा दिसला की आधी थांबणार, मग दोन्ही पाय जमिनीला टेकवून गाडी आत सोडणार, आणि तशीच वर काढणार. सायकलवाले त्यांना मागे टाकून जायचे. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला रोज ओरडायचा, "अरे, वरात निघाली का? का ढकलायला येऊ?" नवरा त्यावर खूश होऊन हात हलवायचा.

वाटेत एका ठिकाणी पाइपलाइनसाठी कालव्याची वाट आडवी कापली होती. तो चर नंतर कशीबशी माती-दगड टाकून बुजवला होता, पण माती दबून गेली आणि दगड वर आले. तिथं नवरा गाडी पूर्ण बंद करायचा. धाकटीला खाली उतरवायचा. मग दोन-दोन ट्रे छातीशी धरून, पाय चाचपत पलीकडे नेऊन ठेवायचा. सगळे गेले की गाडी ढकलत नेणार, पुन्हा थप्पी रचणार. धाकटी तोवर पदरानं मान पुसत उभी. असा मऊ झालेला नवरा तिला दिवसातून एवढ्याच वेळी दिसायचा, म्हणून तिला तो चर खरं तर आवडायचा.

परतीची गोष्ट वेगळी. बेकरीत माल उतरला की त्याच्या अंगात वारं शिरायचं. शेडमधली गोणपाटं वाळलेली असणार, कोंबड्या तडफडत असणार, या धास्तीनं तो गाडी अशी हाणायचा की धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आधी ती मागून दोन्हीकडे पाय टाकून त्याला कवटाळून बसायची, तेव्हा मजा वाटायची. आता पोट आलं होतं.

धाकटी महिन्याच्या तपासणीला गेली तेव्हा नर्सबाईंनी ते लाल वळ बघितले.

"हे काय?"

धाकटीनं तोंडात मिठाची गुळणी धरली. पण नर्सबाई काही काल नोकरीला लागल्या नव्हत्या. त्यांनी एकेक करून सगळं काढून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"वेडी की खुळी तू? अगं, सपाट रस्ता असता, हळू चालवणारा असता, तर मी एक वेळ म्हणाले असते, अगदीच गरज पडली तर जा. पण ती कालव्याची वाट? आणि आडवी बसून? पडलीस तर पोटात वार सुटेल. बाळाला रक्त पोचतं ते त्या वारेतून. ती सुटली की मी काय, आणि मोठा डॉक्टर काय. आता गाडीवर बसायचं नाही. मी घरी येऊन सांगते."

"नको, बाई."

"नको काय? येतेच."

आल्याही. सासूनं त्यांना खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसली आणि नर्सबाईंच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावली. "छे छे! गाडीवर? आम्ही नाही हो पाठवत. पहिलटकरीण ती. तिला मी काडी उचलू देत नाही." गाडी समोर अंगणात उभी होती, कॅरिअरला गोणपाटाची घडी बांधलेली. नर्सबाईंनी त्या घडीकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि आणखी काय करणार, उठून गेल्या.

त्या वळणापलीकडे जाईपर्यंत सासू हसऱ्या चेहऱ्यानं दारात उभी राहिली. मग आत वळली.

"घरातलं बाहेर सांगायला तुला जीभ बरी सुटते गं?"

"त्यांनी विचारलं म्हणून—"

"विचारलं म्हणून! मी पोटुशी असताना विहिरीतून पाणी ओढलंय, डोक्यावरून दगड वाहिलेत. माझे दोन्ही झाले ना धडधाकट? तुझंच पोट तेवढं काचेचं." मग मुलाकडे वळून, "उद्या थोरलीला ने. बसू दे हिला महाराणीसारखी."

थोरलीचे डोळे चमकले. शहर, बेकरीचा तो भाजल्या पावाचा वास, येता-जाता चार माणसं दिसणं, हे सगळं आजवर धाकटीच्या वाट्याचं. थोरलीच्या वाट्याला शेडमधली विष्ठा खरवडणं. "जाईन की, त्यात काय?" ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी धुवट साडी नेसून अंधारातच तयार झाली.

धाकटी दारात उभी राहून बघत होती. थोरली मागे बसली, थप्पी धरली, आणि जाताना मागे वळून हसली. दिवसभर तिनं शेड झाडली, पाणी भरलं, आणि मनात एकच, फुटू देत. एक तरी फुटू दे.

एक कसलं, तीन ट्रे फुटले. चरापाशी थोरलीनं उतरताना थप्पी सोडली. नवरा परतला तो चिकट हातांनी आणि लाल डोळ्यांनी. थोरलीच्या धुवट साडीवर पिवळे ओघळ वाळले होते, त्यांवर माश्या बसत होत्या. ती तडक मोरीत शिरली. मोठ्या भावजयीला काही बोलता येत नाही म्हणून नवऱ्यानं सगळा राग धाकटीवर काढला.

"बेकरीवाला म्हणतो, असा चिकट माल आणणार असशील तर दुसरा बघतो. रांग लागलीय लोकांची. बस तू पोट कुरवाळत! घर बुडालं तरी चालेल."

"मी काय म्हटलं होतं, जात नाही म्हणून?"

"मग नर्सला कुणी बोलावलं?"

यावर ती गप्प बसली असती तर? पण ती गप्प बसली नाही. मोरीतून थोरलीच्या पाणी ओतण्याचा आवाज येत होता आणि धाकटीला आतून आनंद झाला होता, अगदी उकळ्या फुटत होत्या. तिच्यावाचून अडलं होतं. या घरात तिच्यावाचून काहीतरी अडत होतं.

"उद्या मी जाते," ती म्हणाली. "माझ्या हातून नाही फुटत."

सासूनं नुसतं "हं" केलं. त्यात बरंच काही होतं.

जाताना सगळं रोजच्यासारखं झालं. पंक्चरवाला ओरडला. चरापाशी उतरवलं, ट्रे वाहून नेले, पुन्हा थप्पी रचली. बेकरीवाल्यानं वरचा ट्रे उचलून उन्हात धरला, एकही अंडं तडकलेलं नाही बघून म्हणाला, "ही आली की कसं! हिलाच आणत जा." नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, जरासा हसला. धाकटीला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं.

पण बेकरीत खोळंबा झाला. ऊन डोक्यावर आलं. नवऱ्यानं किक मारली आणि म्हणाला, "बस पटकन. कोंबड्या मरतील."

आता मागे जागाच जागा होती. दोन्हीकडे पाय टाकून बसता आलं असतं. पण या पोटासकट पाय वर उचलून टाकायचा, तो बेकरीतल्या सगळ्या गड्यांसमोर, आणि नवरा ॲक्सिलरेटर पिळत घाई करतोय. ती आडवीच बसली. एक हात त्याच्या खांद्यावर, दुसरा पोटाखाली.

"जरा हळू घ्या," ती कालव्याला लागल्यावर म्हणाली.

"गोणपाटं कोण भिजवणार? तुझा बाप?"

"थोरल्या बाई आहेत ना."

"तिला काही होत असतं तर तुला आणलं असतं का?"

वारा तापलेला होता. सायलेन्सरची धग पोटरीला लागत होती. चर लांबून दिसला तसा तिनं त्याचा खांदा दाबला. एकदा दाबला, मग नखं रुतवून दाबला. त्यानं खांदा झटकला. येताना तो तिथं कधीच थांबायचा नाही, नुसता सीटवरून उठून उभा राहायचा आणि गाडी उडवून न्यायचा. आजही तो उठला. तो उठला तसा तिच्या हाताखालचा खांदा गेला.

ती पाठीवर पडली नाही. हात पुढे आले, पण पोट हातांच्या आधी पोचलं.

नवरा बराच पुढे गेला. गाडी हलकी लागली तेव्हा त्यानं मागे बघितलं. परत आला तर ती गुडघ्यांवर बसलेली, तोंडात माती, आणि पोट दोन्ही हातांनी धरलेलं.

"लागलं का?"

"थांबा." ती म्हणाली. "लाथ मारतंय का बघते."

तिनं वाट बघितली. त्यानंही बघितली. मग तो म्हणाला, "उठ आता, घरी जाऊन पड थोडी." घरी गेल्यावर त्यानं आधी गोणपाटं भिजवली. सासूनं तिला भिंतीकडे तोंड करून झोपवलं, "होतं असं, दमलं असेल ते," म्हणाली. उन्हं उतरेतो पोट दगडासारखं कडक झालं. थोरली पाणी द्यायला वाकली आणि तिला चटईवर काळं-लाल पसरलेलं दिसलं. तिनं जी किंकाळी फोडली ती ऐकून शेडमधल्या कोंबड्या एकदम गप्प झाल्या.

शहरातल्या दवाखान्यात तिला शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी पोटावर यंत्र सरकवत सरकवत बराच वेळ ऐकलं. वर, खाली, पुन्हा वर. मग यंत्र बाजूला ठेवून विचारलं, "काय झालं होतं?"

"मोरीत घसरली," सासू लगेच म्हणाली.

"हो, मोरीत," नवरा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीचे खरचटलेले हात उलटे करून बघितले. तळव्यांत खडी रुतलेली होती. "मोरीत खडी असते का? तूच सांग."

"गाडीवरून पडले." धाकटीला वाटलं, आता कुणीतरी आपल्या बाजूनं बोलेल. आता या दोघांना कुणीतरी चार शब्द सुनावेल.

"या दिवसांत गाडीवर?" डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम चढला, आणि तो तिच्यावरच चढला. "काही समजतं की नाही तुम्हा बायकांना? पोटात मूल आहे आणि निघाल्या भटकायला! स्वतःच्या हातानं मारलंस ना?"

मग सासूनं सुस्कारा टाकला. "तेच सांगून सांगून माझं तोंड दुखलं हो, बाई. ऐकतच नाही. शहराची भारी हौस."

"तीच म्हणाली," नवरा खाली बघत म्हणाला. "मी जाते म्हणून. आदल्या दिवशी मी दुसरीला नेलं होतं. विचारा तिला, म्हणाली की नाही ते."

तिला विचारलं नाही कुणी. विचारलं असतं तर हो म्हणावं लागलं असतं, आणि हेच तिला त्या टेबलावर झोपल्या झोपल्या चावत राहिलं. तो खोटं बोलत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलंय ते. आता बाहेर काढावं लागेल, तिला स्वतःलाच कळा द्याव्या लागतील," आणि हात धुवायला गेल्या. मेलेल्यासाठीही कळा तेवढ्याच येतात. मुलगी होती. केस भरपूर होते. नवऱ्यानं ती कुठं पुरली ते तिला सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, "कशाला आता?"

सोडलं त्या दिवशी नवरा गाडी घेऊन आला. टेम्पो त्या वाटेनं येत नाही, ट्रॅक्टर शेजाऱ्यानं शेतात घातलेला. दुसरं काही नव्हतं. येताना तो बेकरीवरून आला होता, तिथं साठलेले रिकामे ट्रे सीटवर रचून.

"फेरी फुकट कशाला घालवायची?" तो म्हणाला. "हलकेच आहेत. नुसतं धरून बस."

ती दोन्हीकडे पाय टाकून बसली. आता पोट आड येत नव्हतं. थप्पी छातीशी आली, तिनं सवयीनं हात भोवती टाकले. गाडी चालली तशी छातीत कळ उठली, दाटली, आणि पोलक्याखाली गरम ओल पसरली. सकाळपासून तसंच होत होतं. दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरचं पोर रडलं की आणखीच. तिनं हात सैल केले तर थप्पी हलली. तिनं पुन्हा घट्ट धरले.

चर दिसला. "थांबवा, उतरते," ती म्हणाली.

"आता काय आहे उतरायला?"

"थांबवा म्हणते ना!"

असा आवाज त्यानं तिचा कधी ऐकला नव्हता. थांबला. ती ट्रे घेऊन उतरली, दगडांवरून चालत पलीकडे गेली. पलीकडे जाऊन पुन्हा बसली.

अंगणात सासूनं ट्रे उतरवून घेतले आणि तिच्या कपाळावर आठी पडली. वरचे दोन-तीन ट्रे एका बाजूनं गडद झाले होते, मऊ पडले होते. तिनं बोटानं दाबलं तसा पुठ्ठा आत गेला.

"हे कशानं भिजवले रे?"

"मी नाही," नवरा म्हणाला. "मला कोरडे मिळाले होते." आणि धाकटीकडे वळून, "बाटली होती का तुझ्याकडे? नीट धरता येत नाही?"

थोरलीचं लक्ष धाकटीच्या छातीकडे गेलं. तिनं पदर तोंडात कोंबला.

"दूध आलंय मला," धाकटी म्हणाली.

नवरा गाडीच्या चाकाकडे बघायला लागला. सासूनं ट्रे हातात तसाच धरून ठेवला, एकदा उलटा केला, एकदा सुलटा. मग तो थोरलीच्या हातात दिला.

"उन्हात ठेव. वाळला की चालेल." आणि धाकटीला म्हणाली, "छातीला फडकं घट्ट बांध, दोन दिवसांत आटेल. आटलं की फेरी तू घे परत. हिच्या हातून रोज फुटतायत."

थोरलीनं ट्रे नेऊन भिंतीशी उभा केला. धाकटी फडकं शोधायला आत गेली.